आजोबांच्या सायकलचे चाळीस स्पोक

गेल्या वर्षी डॉक्टर म्हणाले, "गुडघे वाचवायचे असतील तर पळू नका, सायकल चालवा." माझं वजन १०८ किलो. लगेच पुण्यातल्या एका दुकानातून झकास रोडबाईक आणली, बोटभर टायरची. दोन महिन्यांत मागचे तीन स्पोक तुटले. चाकाचा आऊट काढता काढता मेकॅनिक म्हणाला, "साहेब, आधी वजन कमी करा, मग ही चालवा." आता काय बोलणार? वजन कमी करायलाच तर घेतली होती!

दिवाळीत सेलूला गेलो. आजोबांची काळी सायकल अजून घरी आहे. आजोबा माझ्याच अंगाचे, वर कॅरिअरला धान्याचं पोतं. बसल्या बसल्या तिचे स्पोक मोजले. पुढे ३२, मागे ४०. माझ्या बाईकला मागे २४!

हा आकडा उगाच आलेला नाही. चालवणाऱ्याचं जास्त वजन मागच्या चाकावर पडतं, म्हणून ब्रिटिश रोडस्टरला मागे आठ स्पोक जास्त असायचे. हवेचा टायर डनलॉपने १८८८ मध्ये आणला आणि हादरे शोषायचं काम हवेकडे गेलं. रोडस्टरचा टायर 'अठ्ठावीस बाय दीड', म्हणजे जवळजवळ चार सेंटिमीटर रुंद. सीटखाली स्प्रिंगा, हँडल उंच, पुढचा फोर्क तिरका. स्वातंत्र्यानंतर मद्रासला टीआय (१९४९), सोनीपतला ॲटलस (१९५१), लुधियानाला हीरो (१९५६) अशा कंपन्या निघाल्या, तरी ठेवण फारशी बदलली नाही. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या आमच्या सेलूच्या काळ्या मातीतल्या रस्त्यांना हीच सायकल मानवली. शेतकरी, दूधवाला, डबलसीट जोडपं.. कोणाला कोणी वजन विचारलं नाही.

मग बारीक टायर आले कुठून? शर्यतींतून. हडकुळ्या शर्यतपटूंसाठी केलेली २३ मिलिमीटरची फॅशन आपल्या दुकानांत आली. गंमत म्हणजे २०१० नंतर शर्यतवालेच हळूहळू २५, मग २८ कडे वळले. खडबडीत रस्त्यावर रुंद टायर कमी हवेत आरामात आणि वेगातही चालतो, हे त्यांना पटलं.

आजोबांची सायकल काही आदर्श नव्हे. वीसएक किलोचं धूड, गिअर नाहीत, आणि पावसात दांड्यांचा ब्रेक म्हणजे रामभरोसे. पण तिच्यावरून यादी करता आली. टायर ३२ च्या पुढचा बसेल अशी फ्रेम. मागे निदान ३२ स्पोक. हँडल सीटच्या पातळीला. चढासाठी हलका गिअर. डिस्क ब्रेक. आणि कंपनीने लिहिलेली वजनाची मर्यादा नीट वाचायची, कारण तीत बऱ्याचदा सायकल आणि सामानही धरलेलं असतं.

नवी सायकल घेऊन सहा महिने झाले. वजन चारच किलो उतरलंय, पण स्पोक एकही तुटलेला नाही. चूक माझ्या पोटाची नव्हती, चाकाची होती.

असो. गावी गेलात तर जुन्या सायकलचे स्पोक मोजून बघा!