नाडीचा ठेका चुकतोय? पित्त समजून दुर्लक्ष करू नका

छातीत अचानक धडधड झाली, चार पावलं चालून धाप लागली, की आपल्याकडे पहिला संशय पित्तावर जातो. सोडा पितात, गॅसची गोळी घेतात, तासाभरात बरंही वाटतं. विषय संपतो. पण वयस्कर माणसाला ही धडधड पुन्हा पुन्हा होत असेल तर त्याची नाडी बघायलाच हवी. हे एट्रियल फिब्रिलेशन असू शकतं. डॉक्टर त्याला थोडक्यात ‘एएफ’ म्हणतात. आजार हृदयाचा, पण त्याचा मोठा फटका बऱ्याचदा मेंदूला बसतो.

हृदयाला चार कप्पे असतात. वरचे दोन रक्त गोळा करतात, खालचे दोन ते पंपासारखं पुढे ढकलतात. उजव्या वरच्या कप्प्यातून मिनिटाला साधारण 60 ते 100 वेळा विजेचा सूक्ष्म इशारा निघतो आणि सगळं हृदय त्या ठेक्यावर चालतं. एएफमध्ये वरच्या कप्प्यांत मिनिटाला 350 ते 600 इशारे उसळतात. कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. वाटेतलं एक केंद्र त्यातले बरेच इशारे अडवतं, म्हणून माणूस चालता-बोलता राहतो. जे खाली पोचतात ते मात्र कसेही, त्यामुळे नाडी बेताल होते.

हीच थरथर खालच्या कप्प्यांत सुरू झाली तर प्रकरण काही मिनिटांचं असतं. रक्त पुढे जाणंच थांबतं, माणूस कोसळतो. मोठ्या हार्ट अटॅकमध्ये हे होतं, तसंच शेतातल्या मोटारीचा शॉक लागल्यावरही होऊ शकतं. अशा वेळी आधी वीज बंद करा, त्याआधी माणसाला हात लावू नका. तो हाकेला ओ देत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल तर छातीच्या मधोमध जोरात, मिनिटाला 100 ते 120 वेळा दाब द्या आणि कुणाला तरी 108 ला फोन करायला सांगा. पाणी पाजत, तळपाय चोळत बसू नका.

आता पुन्हा एएफकडे. वरच्या डाव्या कप्प्याला एक छोटी पिशवी असते. कप्पा थरथरत राहिला की तिथलं रक्त साचतं, आणि साचलेल्या रक्ताची गुठळी होते. ती सुटून मेंदूच्या नळीत अडकली की अर्धांगवायू. पायाच्या नळीत अडकली तर पाय एकाएकी थंड पडून असह्य दुखतो. एएफमुळे अर्धांगवायूचा धोका साधारण पाचपट होतो. शिवाय ठोके आठवडेच्या आठवडे वेगात राहिले तर हृदयाचा स्नायू थकतो. पायावर सूज येते, रात्री आडवं झालं की दम लागतो.

वाढतं वय, ब्लडप्रेशर, थायरॉइड, दारू ही नेहमीची कारणं. लग्नात-जत्रेत एकदम भरपूर प्यायल्यावरही ठेका बिघडलेला दिसतो. मात्र आपल्या भागात तिशी-चाळिशीतल्या बाईला एएफ आढळला तर वेगळी शंका घ्यावी लागते. लहानपणी घसा दुखून ताप आला, मग एकेक करून सांधे सुजले, आणि पुढे हृदयाची झडप अरुंद झाली, अशी ती साखळी असते. झडप अरुंद असताना एएफ झाला तर गुठळीचा धोका आणखी बराच वाढतो, आणि गरोदरपणात दम लागून जीवावर बेतू शकतं. मुलांची घसादुखी आणि सांधेदुखी म्हणूनच अंगावर काढू नये. डॉक्टरांनी दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन सांगितलं असेल तर ते चुकवू नये.

नाडी घरीही बघता येते. अंगठ्याच्या मुळाखाली मनगटावर दोन-तीन बोटं ठेवा (आपला अंगठा नको, त्याचीच नाडी लागते) आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. निरोगी नाडी जुन्या डिझेल इंजिनासारखी एका लयीत चालते. एएफची नाडी म्हणजे पत्र्यावर पडणारे पावसाचे पहिले टपोरे थेंब, पुढचा कधी पडेल सांगता येत नाही. तशी वाटली तर ईसीजी काढून घ्या. एएफ येतो-जातो, त्यामुळे धडधड चालू असतानाचा ईसीजी सगळ्यात कामाचा.

उपचारात ठोके आवरण्याची एक गोळी असते आणि बहुतेकांना दुसरी, रक्त पातळ करणारी. गफलत होते ती या दुसरीत. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून ती परस्पर बंद केली जाते. बरं वाटण्याशी तिचा संबंध नाही. ती गुठळी होऊ नये म्हणून असते. ॲस्पिरिन तिची जागा घेऊ शकत नाही. नव्या गोळ्यांना सारखी रक्ततपासणी लागत नाही, पण झडप संधिवातामुळे अरुंद असेल तर जुनी वॉरफेरिनच्या जातीची गोळीच सरस, असं 4,500 हून जास्त रुग्णांवरच्या अभ्यासात 2022 मध्ये दिसलं. तिच्यासोबत आयएनआर नावाची तपासणी नियमित करावी लागते आणि आकडा बहुतेकांचा 2 ते 3 मध्ये ठेवावा लागतो. त्यासाठी तालुक्याला खेटे घालावे लागतात, रोज बुडतो, हे खरं आहे. तरी ती टाळू नये. पालक-मेथी बंद करायची गरज नाही. एक आठवडा रोज आणि पुढे महिनाभर नाहीच, असं मात्र करू नका. कंबर दुखली म्हणून मेडिकलमधून पेनकिलर घेणं तर धोक्याचंच, पोटात रक्तस्राव होऊ शकतो. दात काढायचा असेल तर गोळीचं नाव आधी सांगा.

तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर वेळ बघून ठेवा आणि थेट सीटी स्कॅनची सोय असलेल्या दवाखान्यात जा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ते तिथे पोचताच सांगा, तिचं पाकीट खिशात असू द्या.