खुंटीची पकड

तंबोऱ्याची खुंटी सरकू लागली की आम्ही तिला खडू लावतो आणि निर्धास्त होतो. पियानोच्या बाबतीत मात्र हाच प्रश्न दोन शतकांहून अधिक काळ कारागिरांस छळीत आला आहे.

फ्लॉरेन्सच्या क्रिस्टोफोरीने 1700 च्या सुमारास पियानो घडविला, तेव्हा त्याच्या तारा बारीक होत्या आणि सांगाडा लाकडी होता. पुढे मोठ्या नादाच्या हव्यासाने तारा जाड झाल्या व ताण वाढला. 1825 साली बोस्टनच्या आल्फियस बॅबकॉकने एकसंध ओतीव लोखंडी चौकटीचे पेटंट घेतले. आजच्या पियानोत सुमारे 230 तारांचा मिळून 18 ते 20 टन ताण अशीच चौकट पेलते. परंतु प्रत्येक तार ज्या पोलादी खुंटीला गुंडाळलेली असते, ती अद्यापि लाकडातच रुतलेली आहे. तिला धरून ठेवते ते केवळ घर्षण!

पूर्वी ही पकड कारागिराचे मनगटच ओळखी. आता खुंटीवर मापकाचा पाना बसवून, ती फिरू लागण्यास किती जोर पडतो, हे इंच-पौंडांत मोजतात. नव्या वाद्यात हा आकडा बहुधा 100 च्या पुढे असतो. तो 50 च्या बराच खाली गेला की सुराचा भरवसा उरत नाही. कोरड्या हवेत लाकूड आक्रसते; म्हणून एका ऋतूतील एकच माप पुरत नाही. जुन्या वाद्यात जाड खुंट्या घालाव्यात, खुंट्यांची फळीच बदलावी, की ते मोडीत काढावे, याचा निवाडा करताना हे आकडे मोलाचे ठरतात.

ताण लोखंडाने पेलला. सूर मात्र लाकडानेच राखला, असे आम्हांस वाटते.