समर्पण, ख्रिस्ती (बहरीनमधील)

समर्पण, ख्रिस्ती : स्वतःची इच्छा, शरीर, वेळ, पैसा आणि प्रिय माणसेही देवाच्या स्वाधीन करून त्याच्या इच्छेने चालणे, हा ख्रिस्ती धर्मजीवनातील भाव. मराठी ख्रिस्ती मंडळींत त्यासाठी ‘वाहून देणे’, ‘स्वाधीन करणे’, ‘स्वार्पण’ असे शब्द रूढ आहेत. त्याचा मूळ नमुना गेथशेमाने बागेतील येशू होय. दुःखाचा प्याला टळावा अशी विनवणी तो आधी करतो आणि मग पित्याची इच्छा स्वीकारतो. म्हणजे समर्पणापूर्वी ‘नको’ म्हणण्याची मुभा आहे. प्रवचनांतून नेमका हाच भाग पुष्कळदा गळतो. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या 12 व्या अध्यायात भक्ताच्या शरीरालाच जिवंत यज्ञ म्हटले आहे, तर लूकच्या शुभवर्तमानात वधस्तंभ ‘दररोज’ उचलण्याची अट घातली आहे. त्यामुळे हा एकदा करून मोकळे होण्याचा विधी ठरत नाही. कॅथलिक परंपरेत दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन या तीन व्रतांतून त्याला संस्थेचे रूप मिळाले. प्रॉटेस्टंटांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘संपूर्ण समर्पण’ हा सभांचा आणि गीतांचा आवडता विषय झाला, आणि त्याच लाटेत अनेक अमेरिकन विद्यार्थी परदेशी मिशनकार्याला निघाले.

बहरीनमध्ये या कल्पनेची गाठ एका शब्दाशी पडते. ‘इस्लाम’ याचा अर्थच देवापुढे समर्पण; मराठीत रोज वापरला जाणारा ‘सलाम’ त्याच धातूतून आलेला आहे. ज्या बेटावर प्रत्येक अजान समर्पणाचीच हाक देते, तिथे समर्पण शिकवायला जाणे हा अंमळ विचित्रच उद्योग होता. फरक सांगायचा तर ख्रिस्ती समर्पणाचा पाया पिता-पुत्राच्या नात्यावर आहे, आणि इस्लामी ईश्वरकल्पना हे नाते मानत नाही.

तो उद्योग सॅम्युएल झ्वेमर (1867–1952) यांनी अंगावर घेतला. मिशिगनमधील डच वंशाच्या कुटुंबात जन्मलेले झ्वेमर, त्यांचे सहकारी जेम्स कँटाइन व त्यांचे प्राध्यापक जॉन लान्सिंग यांनी 1889 मध्ये ‘अरेबियन मिशन’ उभारले. पाठीशी मोठे मंडळ नव्हते. अमेरिकेतील रिफॉर्म्ड चर्च या प्रॉटेस्टंट पंथाने ते आपले म्हणून स्वीकारले 1894 मध्ये. आधी बसऱ्यात काम करून 1892 च्या अखेरीस झ्वेमर बहरीनला उतरले. त्या काळी बहरीनचे मोती मुंबईच्या बाजारात विकले जात, मुंबईहून निघालेल्या आगबोटी आखातातील बंदरे घेत आणि बेटावर रुपया चाले. मराठी वाचकाला हे ठिकाण वाटते तितके दूर नव्हते.

बळी लवकर पडू लागले. लाहोरचे निवृत्त बिशप टॉमस व्हॅल्पी फ्रेंच साठी उलटल्यावर मस्कतला गेले आणि 1891 च्या मे महिन्यात तिथेच वारले. झ्वेमर यांचे धाकटे भाऊ पीटर मस्कतला काम करून आजारी पडले व 1898 मध्ये मरण पावले. झ्वेमर यांनी 1896 मध्ये एमी विल्क्स या परिचारिकेशी विवाह केला. एमी यांनी राजधानी मनामामध्ये मुलींना शिकवण्याचा वर्ग काढला, आजची अल रजा शाळा आपला उगम त्याच्याशी जोडते (‘रजा’ म्हणजे इथे आशा, सुट्टी नव्हे). 1902 मध्ये नवरा-बायकोंनी मिळून अरबस्तानावर मुलांसाठी चित्रमय पुस्तक प्रसिद्ध केले. 1903 मध्ये मेसन मेमोरियल हॉस्पिटल सुरू झाले. तेच पुढे अमेरिकन मिशन हॉस्पिटल म्हणून ओळखले गेले आणि अद्याप चालू आहे.

जुलै 1904 मध्ये झ्वेमर दांपत्याच्या दोन मुली, सात वर्षांची कॅथरिना व चार वर्षांची रूथ, आठवड्याभराच्या अंतराने आमांशाने गेल्या. त्यांना मनामाच्या ख्रिस्ती दफनभूमीत पुरले. दगडावर कोरण्यासाठी आईवडिलांनी प्रकटीकरण ग्रंथातील वधलेल्या कोकऱ्याच्या स्तवनाचा आधार घेतला आणि त्या स्तवनात कोकऱ्याला अर्पायच्या अनेक गोष्टींपैकी एकच उचलली : संपत्ती. आपल्या मुली ही आपली संपत्ती होती आणि ती आम्ही दिली, असा त्याचा अर्थ. पुढच्याच वर्षी मिशनच्या डॉक्टर मॅरियन थॉम्स बहरीनमध्येच वारल्या. त्यांचा मुलगा वेल्स पुढे डॉक्टर होऊन ओमानला कामाला आला.

समर्पणाची उदाहरणे देताना ही समाधी नेहमी पुढे केली जाते. तिच्यापुढे मान झुकतेच. पण एक प्रश्न उरतो. आईबापांनी स्वतःला दिले हे खरे. मुलींना कोणी विचारले होते? महाराष्ट्रात हाच प्रश्न कवी नारायण वामन टिळकांच्या (1861–1919) घरात उभा राहिला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे सांगणाऱ्या टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत पत्नी लक्ष्मीबाईंनी काही वर्षांच्या ताटातुटीने मोजली. त्या स्वतः 1900 मध्ये ख्रिस्ती झाल्या. 1917 मध्ये टिळकांनी महाराष्ट्रातील मिशनची पगारी नोकरीही सोडली, संन्यास घेतला व साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापला. नवविधा भक्तीतले आत्मनिवेदन आणि ख्रिस्ती स्वार्पण यांचा असा मेळ दुसऱ्या कोणी क्वचितच घातला असेल. ‘स्मृतिचित्रे’ हे पुस्तक मोठे ठरते ते लक्ष्मीबाईंनी समर्पणाची दुसरी बाजू, म्हणजे समर्पित माणसाच्या घरच्यांची बाजू, हसतखेळत पण काही न लपवता लिहिली म्हणून. झ्वेमर यांच्या घराला अशी लक्ष्मीबाई लाभली नाही.

झ्वेमर 1912 मध्ये कैरोला गेले व पुढे प्रिन्स्टनला प्राध्यापक झाले. त्यांच्या लेखनातील इस्लामविषयक भाषा आज खटकते. माणूस स्वतःला देवाच्या पूर्ण स्वाधीन करूनही शेजाऱ्याच्या श्रद्धेविषयी अनुदार राहू शकतो, हे त्यांच्यावरून दिसते. धर्मांतरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच झाली. बहरीनने मिशनकडून घेतले ते औषध आणि शाळा. धर्म घेतला नाही. मिशनच्या हिशेबाने हे अपयश. समर्पणाच्या कसोटीने पाहता मात्र त्याचे सर्वांत स्वच्छ रूप त्या दवाखान्यातच सापडते, कारण तिथे येणारा रोगी मुसलमान म्हणून येई आणि मुसलमान म्हणूनच घरी परते.

आज बहरीनमधील बहुसंख्य ख्रिस्ती हे भारत, फिलिपाइन्स आदी देशांतून कामासाठी आलेले लोक आहेत. त्यांत मल्याळी व गोंयकार पुष्कळ. त्यांच्यासाठी मनामामध्ये 1939 मध्ये उभे राहिलेले सेक्रेड हार्ट चर्च आहे, नॅशनल इव्हँजेलिकल चर्च आहे, आणि अवाली येथे 10 डिसेंबर 2021 रोजी अभिषेक झालेले, सुमारे 2,300 आसनांचे ‘अवर लेडी ऑफ अरेबिया’ कॅथीड्रल. 5 नोव्हेंबर 2022 रोजी पोप फ्रान्सिस यांनी बहरीनच्या राष्ट्रीय मैदानावर अर्पण केलेल्या मिस्साला सुमारे 30,000 लोक जमले होते. या लोकांच्या समर्पणाला समाधीवरचा लेख नाही. मुले गावी आजीजवळ, पगार बँकेतून घरी आणि राहण्याचा परवाना नोकरी असेपर्यंत, अशा आयुष्यात ‘तुझी इच्छा होवो’ म्हणणे म्हणजे काय, हे कोशापेक्षा त्यांना अधिक कळते. बहरीनची साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारी असल्याने त्यांची गर्दीची उपासना शुक्रवारी होते. रविवारी सकाळी बहुतेकांना कामावर हजर व्हायचे असते.