दोन किलवर : एका प्रश्नाची जन्मकथा

ब्रिजच्या इतिहासात १९२५ हे वर्ष टाळता येत नाही. त्या वर्षी पनामा कालव्यातून जाणाऱ्या ‘फिनलंड’ जहाजावर हॅरल्ड व्हँडरबिल्ट यांनी गुणांकनाचा नवा तक्ता मांडला आणि आजचा कॉन्ट्रॅक्ट ब्रिज जन्मास आला. आधीच्या ऑक्शन ब्रिजमध्ये बोलीहून अधिक केलेले हातही गेमच्या हिशेबात धरत. आता बोललेलेच तेवढे धरले जाऊ लागले. साहजिकच भिडूच्या तेरा पानांत काय दडले आहे, हे बोलीतूनच काढून घेणे भाग पडले.

एक्क्याचे ४, राजाचे ३, राणीचे २ आणि गुलामाचा १ गुण, ही मिल्टन वर्क यांची मोजणी पुढे चार्ल्स गोरेन यांनी घरोघरी पोहोचवली. सुमारे १३ गुण असल्याखेरीज बोली उघडू नये, असा दंडक पडला. तिसऱ्या जागेवरच्या खेळाडूला मात्र तो कधीच फारसा मानवला नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. भिडू पास, उजवीकडचा प्रतिस्पर्धी पास. म्हणजे जोरदार पाने बहुधा डावीकडच्या चौथ्याकडे आहेत. अशा वेळी दहा गुणांवरही एक इस्पिक बोलून टाकले, तर त्याची वाट अडते आणि पहिली उतारी कशाची करावी हे भिडूला कळते. शिवाय भिडू आधीच पास झालेला असल्यामुळे पुढे बोलण्याचे बंधनही उरत नाही.

अडचण होते ती भिडूची. समजा, उघडणाऱ्याकडे इस्पिकचे राजा-राणी-गुलाम-सत्ती-चौकी, बदामाचा एक्का व दोन हलकी पाने, चौकटच्या दोन दुऱ्याफऱ्या आणि किलवरच्या तीन आहेत : गुण दहा. समोर इस्पिकचा एक्का-दश्शी-छक्की, बदामाची दोन बारीक पाने, चौकटचे राजा-राणी व आणखी दोन, किलवरची राणी व तीन पाने : गुण अकरा. जुन्या रीतीने हा भिडू प्रामाणिकपणे तीन इस्पिक बोलणार. पण बदामाचा एक, चौकटचा एक आणि बहुधा किलवरचे तीन हात जातात, आठच होतात. दोन इस्पिकवर डाव सुखाने बसला असता, तीनवर एका हाताने बुडतो. चूक कोणाची, यावर मग भिडूंत जो वाद पेटतो तो आमच्या वाचकांना निराळा सांगायला नको.

टोरोंटोचे एरिक मरे तिसऱ्या जागेवरून सैल हाताने बोली उघडण्याबद्दल प्रसिद्ध होते. त्यांचे भिडू डग्लस ड्र्युरी यांना हा जाच सोसावा लागे. ड्र्युरींनी मरेंना वळण लावण्याच्या भानगडीत न पडता स्वतःची उत्तरे बदलली, हे आम्हांस विशेष वाटते. आधी पास झालेल्या भिडूने बदाम किंवा इस्पिकच्या बोलीवर ‘दोन किलवर’ म्हणावे. त्यात किलवरचा संबंध नाही. तो प्रश्न आहे : खरोखरीची पाने आहेत की नुसताच आव? पाने हलकी असल्यास उघडणाऱ्याने ‘दोन चौकट’ म्हणावे. दुसरे काहीही बोलला तर उघडणी खरी समजावी. वरच्या डावात तीनच्या पायरीवर पाऊल न टाकता ही चौकशी उरकते आणि जोडी दोन इस्पिकवर थांबते.

याला किंमत आहेच. ज्याच्याकडे खरोखरच किलवरची सहा पाने असतील, त्याची स्वाभाविक बोली गेली. संकेत प्रतिस्पर्ध्यांपासून लपवूनही चालत नाही. भिडूंमधला ठराव उघड करावा लागतो. त्यामुळे ‘दोन चौकट’ ऐकताच डावीकडचाही सावध होतो.

पुढे खेळाडूंनी उत्तर उलटे केले. हलकी पाने असल्यास आपलाच रंग दोनच्या पायरीवर पुन्हा बोलावा, आणि ‘दोन चौकट’ने उघडणी खरी असल्याचे कळवावे. प्रतिस्पर्ध्यांना मध्ये शिरायला त्यात कमी वाव मिळतो. कोणी आणखी एक फाटा काढला : तीन पानांच्या आधारावर दोन किलवर, चार पानांच्या आधारावर दोन चौकट. ड्र्युरी १९६७ मध्ये वारले. मरे पुढेही सॅमी केहेला यांच्यासह जागतिक स्पर्धांत उतरत राहिले, आणि आज बहुसंख्य जोड्या खेळतात ती ड्र्युरींची मूळ रीत नसून तिचा उलटा अवतार आहे. नाव मात्र त्यांचेच राहिले.