अवर्षण, फौज आणि भूक : बेळगाव-निपाणी मुलुखाच्या इतिहासातील काही पाने

पाऊस लांबला की आपल्या सीमाभागातील मंडळ्यांमधून पावसासाठी प्रार्थना होतात, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या प्रार्थनेच्या जोडीने प्रवचनात एक विधान हटकून येते : दुष्काळ हा देवाचा कोप होय. हे विधान इतके अंगवळणी पडले आहे की ते करण्यापूर्वी आपण कागदपत्रे पाहत नाही, आणि ज्या शास्त्रवचनांच्या आधारे आपण ते करतो ती वचनेही पुरती वाचत नाही. बेळगाव, चिकोडी, निपाणी ह्या मुलुखात पूर्वी माणसे अन्नावाचून मेली ती केवळ आभाळाच्या रुसण्याने की आणखी कोणाच्या करणीने, हे इतिहासाच्या आधारे तपासण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. धर्मगुरू व धर्मशिक्षक ह्या दोघांनाही मंडळीपुढे ह्या विषयावर बोलावे लागते. म्हणून हा प्रश्न केवळ इतिहासकारांचा नव्हे.

प्रथम भूमीचा विचार करू. ह्या जिल्ह्याच्या पश्चिमेस खानापूर तालुका सह्याद्रीच्या कुशीत आहे; तेथे पाऊस धो धो कोसळतो व भात पिकते. पूर्वेस अथणी, सौंदत्ती ह्या बाजूंस जमीन काळी पण पाऊस बेभरवशाचा. तेथे ज्वारीवर जगायचे. चिकोडी, हुक्केरी, निपाणी हा पट्टा ह्या दोहोंच्या मधला. पूर्वेची ज्वारी वाळली तरी पश्चिमेचे भात त्याच वर्षी समूळ जाते असे क्वचितच घडते. दोहोंमधील अंतर बैलाच्या पाठीवरून काही दिवसांत तोडण्याजोगे आहे, आणि लमाण-वंजाऱ्यांचे तांडे पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करीत आले. तेव्हा संपूर्ण मुलूख उपाशी पडावयाचा तर नुसते अवर्षण पुरत नाही. धान्य वाहणारा बैल कोणीतरी अडवावा लागतो. हा बैल बहुधा फौजेने अडवला.

पुण्याकडून कर्नाटकात उतरणारी वाट ह्याच मुलुखातून जाते, आणि कोकण व गोव्याकडे जाणारे घाटही येथूनच सुटतात. त्यामुळे शेजारी कोणतीही सत्ता प्रबळ झाली की तिच्या छावण्या येथे पडत. फौज म्हणजे केवळ लढवय्ये नव्हेत. एका लढणाऱ्यामागे बाजारबुणगे, मोतद्दार, बेलदार, कुटुंबकबिला असा कित्येक पट जमाव आणि घोडे, बैल, हत्ती, उंट. घोड्याला दाणा हवा, बैलाला कडबा हवा, चुलीला सरपण हवे. कडब्याच्या गंजी संपल्या की घरांवरील गवती छपरे उतरवली जात. सरपण संपले की दारे-आढी निघत. शेतकऱ्याने धान्य जमिनीखालच्या पेवात लपवलेले असे, पण पेंढारी त्यात तरबेज होते : जमीन ठोकून, पाणी ओतून ते कोठे लवकर मुरते हे पाहून ते पेव हुडकून काढीत. पेवात केवळ खाण्याचे धान्य नसे, पुढील पेरणीचे बियाणेही तेथेच असे. म्हणून फौज निघून गेल्यावरचे वर्ष हे फौज असतानाच्या वर्षापेक्षा अधिक भयंकर ठरे. पाऊस चांगला झाला तरी पेरायला बी नाही, नांगराला बैल नाही. मग आभाळाला दोष कसा द्यावा?

हे संकट येथे आणणारी पहिली फौज कोणती ते सांगणे कठीण, परंतु एक उदाहरण बोलके आहे. सन १६८३ मध्ये औरंगजेबाने आपला पुत्र शाहआलम ह्यास मोठी फौज देऊन कोकणात पाठवले. तो ह्याच मुलुखातून संपगाव घेऊन पुढे गेला व रामघाट उतरून सावंतवाडी-गोव्याच्या बाजूस पोहोचला. तेथे जाळपोळ झाली. पण समुद्रमार्गे यावयाची रसद पोहोचली नाही, आणि ज्या प्रदेशाची राख केली त्याच प्रदेशात फौजेला दाणा मिळेना. रोगराई व उपासमार ह्यांत सैन्याचा सुमारे तिसरा हिस्सा नष्ट झाला, आणि उरलेले लोक १६८४ च्या उन्हाळ्यात कसेबसे अहमदनगरला परतले. बखरकार व इतिहासकार फौजेचे हे हाल मोजतात. वाटेवरच्या गावांत किती माणसे गेली ह्याची मोजदाद मात्र कोणी केली नाही, कारण ती कोणाच्या हजेरीपटावर नव्हती.

आता १७९१ कडे येऊ. ते वर्ष व पुढचे वर्ष दक्षिणेत ‘डोजीबरा’ म्हणजे कवट्यांचा दुष्काळ ह्या नावाने लोकांच्या स्मरणात राहिले. मेलेल्यांना पुरायलाही कोणी उरले नाही आणि माळरानावर कवट्या पडून राहिल्या, म्हणून हे नाव. कानडीत ‘बर’ म्हणजे दुष्काळ. हा शब्द आपल्या सीमाभागातील दोन्ही भाषांच्या घरांना कळतो. पाऊस त्या काळात सलग फसला हे खरेच आहे. हिंदुस्थानच्या दुसऱ्या टोकास समलकोट येथे विल्यम रॉक्सबर्ग हा वनस्पतिशास्त्रज्ञ त्याच वर्षांतील अवर्षणाची मोजमापे टिपत होता; आजचे हवामानतज्ज्ञ त्याचा संबंध प्रशांत महासागरातील ‘एल निनो’शी जोडतात. परंतु त्याच वेळी पेशवे, निजाम व इंग्रज कंपनी ह्यांचे टिपू सुलतानाशी युद्ध जुंपले होते. परशुरामभाऊ पटवर्धनांची फौज कॅप्टन लिटल ह्याच्या इंग्रज तुकडीसह १७९० च्या सप्टेंबरपासून पुढच्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत धारवाडच्या किल्ल्याला वेढा देऊन बसली होती. सात महिने एवढी छावणी एका जागी! तिच्या बाजाराला लागणारे धान्य भोवतालच्या तालुक्यांनीच पुरवले असणार. किल्ला पडल्यावर हीच फौज तुंगभद्रेपलीकडे गेली, आणि तिच्याबरोबरच्या पेंढाऱ्यांनी १७९१ मध्ये शृंगेरीचा मठही सोडला नाही.

आपल्यातील पुष्कळांना हे वाचणे जड जाईल. मिरज, सांगली, जमखंडी ह्या गावांत पटवर्धनांचे नाव आजही आदराने घेतले जाते, आणि परशुरामभाऊ शूर होते ह्यात शंका नाही. पण ज्या शेतकऱ्याचे पेव उपसले गेले त्याला ते उपसणारा मराठी बोलतो की फारसी, भगवा लावतो की हिरवा, ह्याने काय फरक पडला? टिपूच्या फौजेनेही हेच केले. शत्रूला चारा मिळू नये म्हणून स्वतःचाच मुलूख जाळण्याची रीत त्याला चांगली ठाऊक होती. इतिहास सांगताना आपल्या बाजूचा हिशेब वगळणे ही सीमाभागात आपल्याला जडलेली जुनी खोड आहे. मराठी व कानडी दोघांनाही.

त्यानंतरची वीस वर्षे तर विचारूच नये. सप्टेंबर १७९९ मध्ये कोल्हापूरकरांशी लढताना चिकोडीच्या बाजूस पट्टणकुडी येथे परशुरामभाऊ पडले. त्याचा सूड म्हणून पटवर्धन, पेशवे व शिंदे ह्यांच्या फौजांनी कोल्हापूरला वेढा घातला. १८०० मध्ये धोंडजी वाघ कर्नाटकात धुमाकूळ घालीत होता, आणि त्याच्या पाठलागावर आर्थर वेलस्ली होता. त्या वर्षीच्या सप्टेंबरात धोंडजी मारला गेला. निपाणीचे सिदोजीराव नाईक निंबाळकर, म्हणजे इंग्रजी कागदांतले ‘आप्पा देसाई’, ह्याच धामधुमीत मोठे झाले, आणि चिकोडी व मनोळी ह्या दोन तालुक्यांवरून त्यांचा व कोल्हापूरचा झगडा वर्षानुवर्षे चालला. १८१२ मध्ये एल्फिन्स्टनने तह घडवून कोल्हापूरकरांना ह्या तालुक्यांवरील हक्क सोडावयास लावले. पुढे इंग्रजांनी ते कोल्हापूरला दिले, आणि १८२७ मध्ये परत काढून घेतले. आज आपण ‘सीमाप्रश्न’ म्हणतो त्याची जुनी आवृत्ती हीच. फरक एवढाच की त्या वेळी दावा सांगायचा म्हणजे समोरच्याच्या गावातले उभे पीक कापायचे. शत्रूचा वसूल बुडवण्याचा तो सर्वांत सोपा उपाय होता.

ह्या धामधुमीच्या ऐन मध्यावर, १८०३-०४ साली, दख्खनेत पुन्हा मोठा दुष्काळ पडला. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजा पुण्यावर चालून आल्या, हडपसरची लढाई झाली, पेशवा पळाला, आणि गोदावरीपासून भीमेपर्यंतचा मुलूख पेंढाऱ्यांच्या घोड्यांखाली गेला. पुढच्या वर्षीच्या इंग्रज-मराठे युद्धात वेलस्लीबरोबर निपाणीकरांचे स्वारही होते. युद्ध जिंकून वेलस्ली अहमदनगरला आला तेव्हा भुकेलेल्या लोकांची तेथे रीघ लागली होती. १८०४ च्या एप्रिलमध्ये त्याने तेथील अधिकाऱ्याला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. नुसते फुकट अन्न वाटण्याची पद्धत त्याला सदोष वाटत होती. धडधाकट लोकांना काम द्यावे व मोबदला धान्यात द्यावा, आजाऱ्यांची निराळी सोय करावी, असे त्याने सुचवले. पुढे आपल्याकडे दुष्काळी कामे म्हणून जी रूढ झाली त्यांचे बीज ह्यात दिसते. मात्र युद्धात उतरलेल्या फौजांपैकी एकीचा सेनापती तो स्वतःच होता, हेही त्या पत्राबरोबर वाचले पाहिजे.

ह्या पार्श्वभूमीवर जुना करार उघडला की काही उतारे वेगळे वाचले जातात. शास्ते ह्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मिद्यानी लोक पेरणी झाली की उंटांसह येतात, पीक नासतात, मेंढरू-बैल काही शिल्लक ठेवीत नाहीत. आणि गिदोन द्राक्षकुंडात लपून गहू झोडतो. चिकोडीच्या ज्या कुणब्याने रात्री पेव भरले त्याला हा गिदोन ओळखीचा वाटला असता. २ राजे ह्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात शोमरोनमध्ये गाढवाचे डोके चांदीच्या ऐंशी नाण्यांना विकले जाते. तो अध्याय काळजीपूर्वक वाचावा अशी माझी वाचकांना विनंती आहे. ही विपत्ती परमेश्वराकडून आहे, असे तेथे कोण म्हणतो? राजपक्ष म्हणतो, आणि राजा त्याच रागात अलीशाचे डोके उडवायला निघतो. निवेदक मात्र कथेच्या आरंभीच स्वच्छ सांगतो की अरामाच्या राजाने सर्व सैन्य जमवून शोमरोनला वेढा घातला होता. म्हणजे भूक कोठून आली हे शास्त्र सांगते, आणि ती देवाच्या माथी कोण मारतो हेही सांगते.

ह्यावर कोणी आमोसचा चौथा अध्याय पुढे करील. तेथे पाऊस आवरून धरल्याचे देव स्वतः सांगतो, हे मान्य केलेच पाहिजे. पण तो अध्याय कोणाला उद्देशून सुरू होतो? दुबळ्यांना पिळणाऱ्या व पेयाची मागणी करणाऱ्या शोमरोनातील सुखवस्तू लोकांना. आमोस हे भरल्या पोटाच्या लोकांना बोलला. तेच शब्द उचलून उपाशी माणसाला ऐकवणे म्हणजे संदेष्ट्याचे वचन उलटे धरणे होय, आणि आपल्या व्यासपीठांवरून ते वारंवार होते.

१८७६-७८ च्या दुष्काळात बेळगाव, धारवाड, कलादगी ह्या जिल्ह्यांत फौजा नव्हत्या, तरीही माणसे मेली. १८७२ व १८८१ च्या खानेसुमारींच्या दरम्यान बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. तेव्हा सगळा दोष युद्धाचा, असे म्हणता येणार नाही. आगगाडी अद्याप इकडे आली नव्हती, व्यापारात हात घालायचा नाही हे सरकारचे धोरण होते, आणि सर रिचर्ड टेंपल ह्यांनी दुष्काळी कामांवरील मजुराचा रोज एक पौंड धान्य व वर थोडे पैसे इतका खाली आणला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध आवाज उठवला. तरी युद्ध तेथेही दूरून डोकावलेच. दुष्काळनिवारणासाठी म्हणून नवे कर बसवून जो निधी उभारला गेला, त्यातील पैसा १८७८ मध्ये सुरू झालेल्या अफगाण युद्धाकडे वळला, अशी टीका त्या काळीच झाली.

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला. १९४२-४३ मध्ये शेजारच्या विजापूर जिल्ह्यात दुष्काळ पडला. मुंबई सरकारने तो रीतसर जाहीर करून दुष्काळसंहितेप्रमाणे कामे काढली. त्याच सुमारास बंगालमध्ये शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून होड्या काढून घेण्यात आल्या, दुष्काळ शेवटपर्यंत जाहीरच केला गेला नाही, आणि लक्षावधी माणसे मेली. युद्ध एकच, सरकारही एकाच साम्राज्याचे. पुढे १९७२ चे अवर्षण महाराष्ट्राने पाहिले. शांततेचा काळ होता. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे पन्नास लाख माणसे खडी फोडीत, बंधारे बांधीत होती, आणि हाल झाले तरी कवट्यांचा दुष्काळ झाला नाही. आभाळ मात्र १७९१ इतकेच कोरडे होते.

वेढ्यात फळझाडे तोडू नका, असा नियम अनुवादाच्या विसाव्या अध्यायात आहे. नागरिकांची उपासमार हे युद्धाचे साधन करू नये, पिके, गुरे व पिण्याचे पाणी नष्ट करू नये, हे राष्ट्रांनी कलम म्हणून लिहिले ते १९७७ च्या जिनिव्हा कराराच्या जोडपत्रात. आपल्या देशाने त्या जोडपत्रास मान्यता दिलेली नाही. २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने ह्याच अर्थाचा ठराव एकमताने केला. तरी ऑगस्ट २०२५ मध्ये गाझा शहर व परिसरात दुष्काळ असल्याचे अन्नतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय समितीने निश्चित केले, आणि त्या भूमीवर अवर्षणाचा प्रश्नच नव्हता. सुदानमधील एल फाशर शहर मे २०२४ पासून दीड वर्ष वेढ्यात होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये ते पडले व त्यानंतर तेथेही दुष्काळ जाहीर झाला. वेढ्याच्या अखेरच्या महिन्यांत तेथील लोक ‘अंबाझ’ खाऊन राहत होते. अंबाझ म्हणजे तेल गाळून उरलेली शेंगदाण्याची पेंड. आपल्याकडे ती म्हशीपुढे ठेवतात. शेवटी शेवटी तीही परवडेनाशी झाली.