गाडीचं बोनेट उघडायला मालकाने शिकावं का?

गाडी घेताना आपण मायलेज, सनरूफ, टचस्क्रीन सगळं बघतो. पण बोनेट उघडायचा खटका नेमका कुठे आहे, हे गाडी घेऊन दोन वर्षं झाली तरी अनेकांना माहीत नसतं. "त्यासाठी सर्व्हिस सेंटर आहे ना!" असं त्यावर उत्तर येतं. ते काही अंशी बरोबरही आहे. आजच्या गाड्या सेन्सर आणि कॉम्प्युटरवर चालतात, त्यामुळे पूर्वीसारखं कार्ब्युरेटर खोलून साफ करायचे दिवस गेले. मग मालकाने नेमकं काय शिकायचं?

माझं मत विचाराल तर, दुरुस्ती नाही शिकली तरी चालेल, तपासणी मात्र यायलाच हवी.

टायरपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. उन्हाळ्यात लांबच्या प्रवासाला निघताना "हवा थोडी कमी ठेवा, गरम होऊन टायर फुटेल" असा सल्ला हमखास मिळतो. प्रत्यक्षात उलटं असतं. हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेरीत जास्त वाकते आणि त्या सततच्या वाकण्याने टायर आतून तापतो. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गासारख्या सरळ काँक्रीटच्या रस्त्यावर तासन् तास एकाच वेगाने गाडी पळत असते, तेव्हा ही उष्णता बाहेर पडायला उसंतच मिळत नाही. म्हणून हवा कंपनीने सांगितली तेवढीच ठेवायची. तो आकडा ड्रायव्हरचा दरवाजा उघडल्यावर चौकटीवरच्या स्टिकरवर असतो, सहसा रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी वेगवेगळा. टायरवर छापलेला कमाल प्रेशरचा आकडा तो नव्हे. आणि हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. गाडी चालली की प्रेशर वाढतं आणि रीडिंग फसवं येतं.

टायरच्या खाचांमध्ये अधूनमधून रबराच्या छोट्या पट्ट्या असतात. कारच्या टायरमध्ये त्यांची उंची १.६ मिलिमीटर असते. टायरचा पृष्ठभाग झिजून त्या पट्ट्यांच्या बरोबरीला आला की टायर संपला. पावसाळ्यात असा टायर पाणी बाजूला सारू शकत नाही आणि गाडी अक्षरशः पाण्यावर तरंगते. टायरचं वयही त्याच्यावरच लिहिलेलं असतं. डॉट या अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे बघा. २३२१ असेल तर तो टायर २०२१ सालच्या २३व्या आठवड्यात बनलाय. नवीन म्हणून विकलेला टायर दुकानात किती वर्षं पडून होता, हे यावरून लगेच कळतं.

आता बोनेट. इंजिन ऑइल तपासायला गाडी सपाट जागेवर उभी करा, इंजिन बंद करून काही मिनिटं थांबा, डिपस्टिक बाहेर काढून पुसा, पुन्हा पूर्ण आत घालून काढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. वरच्या खुणेच्या वर गेलेलंही चांगलं नाही, तेव्हा "थोडं जास्त टाकून ठेवू" हा विचार सोडा. चालवताना डॅशबोर्डवर अल्लाउद्दीनच्या दिव्यासारखं लाल चिन्ह पेटलं तर ऑइलचं प्रेशर गेलंय असं समजा. गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करा. "गॅरेज दोनच किलोमीटरवर आहे" म्हणून चालवत नेलेली गाडी इंजिन जॅम होऊन थांबू शकते, आणि मग बिल शेकड्यांत नाही, बऱ्याचदा लाखाच्या घरात जातं. पिवळा चेक इंजिन दिवा मात्र स्थिर पेटला असेल तर सावकाश गॅरेजपर्यंत जाता येतं.

कूलंटची पातळी प्लास्टिकच्या अर्धपारदर्शक बाटलीवर बाहेरूनच दिसते. घाटात गाडी तापली की घाबरून रेडिएटरचं झाकण उघडायला जाऊ नका. आत दाब असल्यामुळे कूलंट १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडताच दाब जातो, ते क्षणात उकळतं आणि तोंडावर उडतं. अर्धा-पाऊण तास थांबायचं, दुसरा इलाज नाही.

ब्रेक ऑइलच्या डबीकडे फक्त बघायचं. पातळी खाली गेली तर वरून भरून मोकळं होऊ नका. बऱ्याचदा ब्रेक पॅड झिजल्यामुळे पातळी उतरते, किंवा कुठेतरी गळती असते. दोन्ही गोष्टी मेकॅनिकनेच बघायच्या.

स्टेपनी बदलणं एकदा घरासमोर करून बघा. व्हील नट गाडी जॅकवर चढवण्याआधीच अर्धा फेरा सैल करायचे, नाहीतर हवेतलं चाक नुसतं फिरत राहतं. बॅटरी उतरली तर लाल केबल दोन्ही बॅटऱ्यांच्या प्लसला, काळी आधी चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघत असतो, म्हणून हा क्रम.

हे शिकल्याचा फायदा बिलातही दिसतो. एसीचा केबिन फिल्टर बऱ्याच गाड्यांमध्ये ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि स्क्रू-ड्रायव्हरशिवाय निघतो. एका सर्व्हिसच्या बिलात माझ्या गाडीचा हा फिल्टर "बदलला" होता. घरी येऊन काढला तर जुनाच, वाळलेल्या पानासकट! तेव्हापासून जुना पार्ट दाखवा म्हणून आधीच सांगतो. सांगायला संकोच वाटतो, पण कोणी वाईट मानत नाही.

हात कुठे लावायचा नाही, तेही ठरलेलं आहे. एअरबॅगचं वायरिंग, ब्रेकची लाइन, आणि इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडीतल्या नारंगी रंगाच्या केबल. त्या केबलमधून शेकडो व्होल्टचा करंट जातो. हे काम प्रशिक्षित माणसाचंच.

बाकी माहितीसाठी गाडीसोबत मिळालेलं मॅन्युअल वाचा. ते हरवलं असेल तर बहुतेक कंपन्यांच्या वेबसाइटवर मिळतं. शिवाय केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअर पोर्टल सुरू केलं आहे. त्यात गाड्या, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि शेतीची अवजारं असे चार विभाग आहेत.