सुजलेल्या पापण्यांचे निदान

पवनानगरच्या बाजूला भातझोडणीच्या दिवसांत कुणाचे डोळे चुरचुरले, तर कारण शोधत कुणी बसत नाही. कुसळ गेले असेल म्हणायचे आणि पाण्याचा हबका मारायचा. बहुतेकदा ते खरेही असते. पण दोन्ही वरच्या पापण्या कानाकडच्या बाजूला महिनोन्‌महिने, न दुखता सुजून राहिल्या, तर दोष धुळीचा नव्हे. तिथे, भुवईच्या हाडाआड, बदामाएवढी अश्रुग्रंथी असते. तिच्या सुजेचे नीट निदान व्हायला वैद्यकाला शंभराहून अधिक वर्षे लागली.

१८८८ साली क्योनिग्सबर्गमध्ये (आजचे रशियातील कालिनिनग्राद) योहान मिकुलिच या शल्यविशारदाने ४२ वर्षांच्या एका शेतकऱ्याची हकिकत डॉक्टरांच्या सभेत मांडली. त्याच्या अश्रुग्रंथी आणि लाळग्रंथी दोन्ही बाजूंनी सारख्याच फुगल्या होत्या. रोगाला मिकुलिचचे नाव मिळाले आणि तिथेच घोटाळा झाला. नाव सोयीचे होते. क्षय असो की रक्ताचा कर्करोग, या ग्रंथी फुगल्या की सगळेच त्यात कोंबले जाऊ लागले.

दरम्यान १९०३ साली ऑटो शर्मर यांनी अश्रू मोजायची युक्ती काढली. टीपकागदासारखी पाच मिलिमीटर रुंदीची पट्टी खालच्या पापणीत अडकवायची आणि पाच मिनिटांत ती किती भिजते ते पाहायचे. पाच मिलिमीटरही भिजली नाही, तर डोळा कोरडा. इतकी स्वस्त तपासणी वैद्यकात क्वचितच असेल; ती आजही वापरात आहे. १९३३ साली स्वीडनच्या हेन्रिक श्योग्रेन यांनी कोरड्या डोळ्यांच्या १९ स्त्रियांचा अभ्यास प्रबंधात मांडला. त्यांतल्या बहुतेकींना संधिवातही होता. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच ग्रंथींवर उलटते, हे पुढे उलगडले.

१९५३ साली मॉर्गन आणि कॅसलमन या अमेरिकन डॉक्टरांनी ग्रंथींचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सांगितले, की मिकुलिचचा रोग म्हणजे श्योग्रेनचाच. पुढची पन्नास वर्षे बहुतेकांनी ते मानले. मला नवल वाटते ते याचे, की फरक रुग्णातच दिसत होता. मिकुलिचच्या रुग्णाची सूज मोठी आणि टिकून राहणारी, पण कोरडेपणा बेताचा. शिवाय स्टेरॉईडने ती झपाट्याने उतरते. २००४च्या सुमारास जपानमध्ये सप्पोरोच्या डॉक्टरांना अशा रुग्णांच्या रक्तात आयजीजी-४ नावाची प्रतिपिंडे वाढलेली आढळली, आणि मिकुलिचचा रोग पुन्हा वेगळा झाला.

तरीही रक्ताच्या तपासणीवर सारी भिस्त ठेवता येत नाही. काही रुग्णांत आयजीजी-४ वाढलेले नसते, तर दुसऱ्याच आजारांत ते वाढते. म्हणून ग्रंथीचा छोटा तुकडा काढून तपासावा लागतो. आपल्याकडे क्षयाची शक्यता विसरून चालत नाही, आणि लसिकापेशींच्या कर्करोगाचीही नाही. सूज उतरावी म्हणून तुकडा घेण्याआधीच स्टेरॉईड सुरू केले, तर तो कर्करोगही काही काळ ओसरतो, आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा माग लागणे कठीण होते.